साडेचार किलोंचा वैरागी

माणसाला आयुष्यात नेमकं किती सामान लागतं, हा प्रश्न थोरामोठ्यांनी पुष्कळ चघळून ठेवलेला आहे. मी बी. कॉम. झालेला असल्यामुळे तो माझ्या वाट्याला जरा उशिरा, म्हणजे सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही किलोग्रॅममध्ये आला. उत्तर मी आठ दिवसांत काढलं. साडेचार किलो. रद्दीवाल्याच्या ताणकाट्यावर रीतसर तोलून काढलेलं उत्तर आहे. रद्दीवाल्याचा काटा म्हटल्यावर खरं वजन थोडं जास्तच असणार, पण तत्त्वज्ञानात एवढी घट धरायला हरकत नसते.

त्याचं असं झालं. माझ्या एलटीसीची मुदत संपत आली होती. आम्ही सोलापूरचे बँकवाले एलटीसी म्हटलं की तिरुपतीला जातो. सामान सात नग, माणसं पाच, आणि परत येताना लाडूंचा आठवा नग. या खेपेला पुण्याला शिकणारी आमची कन्या म्हणाली, ‘‘बाबा, या वेळी तुम्ही दोघंच जा. पाठीला सॅक लावा आणि चाला. आंबोलीचं जंगल बघा, घाट उतरा, समुद्रावर जा. बुकिंग नाही, टॅक्सी नाही. मिळेल ती एसटी, नाही तर पाय.’’ आमच्या पिढीला सॅक म्हटलं की युरियाची आठवते. पण पोरीने दोन सॅक आणूनच दिल्या. एक तिची, एक तिच्या मैत्रिणीची. दोन्हींना इतके पट्टे, बकला आणि दोऱ्या होत्या की सामान भरायचं की घोडा जुंपायचा, हे प्रथम मला कळेना.

सप्टेंबरअखेरचं सहामाही क्लोजिंग उरकलं की निघायचं ठरलं. आणि त्या आठ दिवसांत मला वैराग्याने झपाटलं. दोन शर्ट, एक पँट, एक पंचा, दाढीचं सामान, एक पुस्तक. बस. काउंटरवर आलेल्या गिऱ्हाइकालादेखील मी पासबुक परत देताना ‘साठवून काय करायचंय?’ असं म्हणू लागलो. बँकेच्या कर्मचाऱ्याने हे वाक्य म्हणणं सेवाशर्तींच्या विरुद्ध असावं. आमचे हेडकॅशियर म्हणाले, ‘‘का बे, संन्यास घेतो का काय? पीएफचं नॉमिनेशन बघून ठेव आधी.’’ (अलीकडे आम्हाला कारकून म्हणत नाहीत, कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. नाव लांबलं, खुर्ची तीच आहे.)

घरी तर मी रोज रात्री जेवणानंतर प्रवचनच लावलं. गरजा वाढवाव्या तेवढ्या वाढतात, वस्तू माणसाच्या मालक होतात, पक्ष्याला कुठे ट्रंक असते, वगैरे. सौभाग्यवती ‘हं’ म्हणायची आणि समोर बसून तिची सॅक भरत राहायची. ती काय भरते आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. मी बोलत होतो ना!

रात्रीच्या एसटीने कोल्हापूर, सकाळी कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे सावंतवाडीची गाडी, आणि दुपारी आंबोलीच्या स्टँडवर आम्ही उतरलो तेव्हा पाऊस चालू होता. पाऊस हा शब्द आम्हा सोलापूरकरांच्या तोंडी शोभत नाही. आमच्याकडे वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही पडतो म्हणण्यापेक्षा येऊन जातो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर. आमचा अख्ख्या वर्षाचा कोटा ही आंबोली जुलैतल्या एका आठवड्यात उरकून टाकते. ऑक्टोबरात तर नुसती शिल्लक पडत होती, पण ती शिल्लकही आमच्या भांडवलाएवढी होती. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येण्यात ज्याचं आयुष्य गेलं, घरात दिसेल त्या भांड्यात ज्याने पाणी भरून ठेवलं, अशा माणसाला ते वाहून जाणारं पाणी बघवत नाही. ‘‘अगं, बादली तरी लाव कुठे तरी!’’ असं माझ्या तोंडून निघून गेलं.

जंगल मात्र पाहण्यासारखं. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात विषुववृत्तीय वनांचं चित्र असे, ॲमेझॉन आणि कांगो. आम्ही ते पाठ करून परीक्षेत लिहून मोकळे झालो. तसलाच काळोखा हिरवेपणा आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर एसटीच्या अंतरावर आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. जांभूळ, अंजनी, हिरडा, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर वेली. खोडांना शेवाळ, शेवाळाला नेचे, नेच्यांना थेंब. जागा मोकळी म्हणून सोडलेली नाहीच. पानं एकमेकांत अशी गुंतलेली की पाऊस थांबला तरी खाली आणखी अर्धा तास पडत राहतो. झाडं वरून हप्त्याहप्त्याने देतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी निघते, समोर शंकराचं देऊळ. तिथल्या कुंडात बोटाएवढा एक मासा आहे. शास्त्रज्ञांनी २०२० साली त्याला हिरण्यकेशीचंच नाव दिलं आणि २०२१ साली सरकारने त्याच्यासाठी ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. ही नदी कोकणात उतरत नाही. पूर्वेला वळून घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. आमची भीमाही पुढे कृष्णेलाच मिळते. म्हणजे इथलं पाणी आणि आमचं पाणी कर्नाटकात एकमेकांना भेटतात; आम्हाला मात्र ते भेटायला एलटीसी काढावी लागते.

तर अशा त्या रम्य स्थळी मी वैराग्यावर बोलतच होतो. आता मागे वळून हिशेब लावतो तेव्हा दिसतं ते असं. पाऊस वाढला, तेव्हा माझ्या हातात छत्री आली. पायाला जळू लागली, मी ओरडलो, तेव्हा एक मिठाची पुडी सुटली आणि जळू गळून पडली. रात्री दिवे गेले, बॅटरी पेटली. सर्दी झाली, निलगिरीचं तेल रुमालावर पडलं. चष्म्याचा स्क्रू निघाला, तर बारीक स्क्रू-ड्रायव्हर आला! हे सगळं कुठून येत होतं? हवेतून. मी प्रत्येक वेळी ती वस्तू वापरून परत देत होतो आणि म्हणत होतो, ‘‘बघ, दोन दिवस झाले, साडेचार किलोंत माझं काही अडलं का?’’

‘‘नाही अडलं,’’ ती म्हणाली.

त्या रात्री खिडकी उघडी ठेवून पावसाचा आवाज ऐकत झोपायचा माझा हट्ट होता. पहाटेपर्यंत पाऊस आत येऊन माझ्या पांघरुणावर बसला. पांघरूण म्हणजे सोलापुरी चादर. आमच्या गावाने जगाला दिलेली ही वस्तू उबेला उत्तम, टिकायला आजन्म, पण तिने पाणी प्यायलं की ती सहज उचलत नाही. आंबोलीच्या हवेत ती वाळण्याचा संभवच नव्हता. इथे आमच्या कडक भाकरीही दोन दिवसांत मऊ पडल्या होत्या. महिनाभर टिकणारी सोलापूरची कडक भाकरी, तीही तिथे शरण आली. ती ओली चादर पिळून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सॅकमध्ये गेली. कुणाच्या सॅकमध्ये, हे मी पाहिलं नाही.

त्याच सकाळी, एका चढावर आम्ही दम खायला बसलो होतो. म्हणजे मी बसलो होतो. सौभाग्यवती दगडी बांधाला सॅक टेकवून उभीच होती. एक म्हातारीशी बाई लाकडांचा भारा बाजूला टाकून तिथेच बसली होती. थोड्या वेळाने ती उठली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मला म्हणाली, ‘‘वायच हात लाव रे बाबा.’’

डोक्यावरचं ओझं एकट्याला घेता येत नाही, ही गोष्ट आपण शहरातले लोक विसरलो आहोत. ओझं उतरवता येतं एकट्याला, चढवायला दुसरा माणूस लागतो. मी हात लावला. भारा अर्धा वर आला, माझ्या कमरेतून काही तरी वाजलं, आणि बाकीचा अर्धा बाईने स्वतःच मानेने ओढून घेतला. मग जाता जाता तिने सौभाग्यवतीकडे पाहिलं आणि मला म्हणाली, ‘‘आता हिका पण लाव.’’

मी हसत हसत हिच्या सॅकला हात लावला.

एक सांगतो. वीस वर्षं मी चिल्लरच्या थैल्या उचलल्या आहेत. थैली हातात आली की काट्याशिवाय वजन सांगणारा हात आहे माझा. या हाताने मला सांगितलं : बारा किलोंच्या खाली नाही.

‘‘अगं, हे काय आहे?’’

‘‘सामान.’’

‘‘एवढं? मी आठ दिवस काय सांगत होतो?’’

‘‘ऐकत होते की.’’

त्या दिवशी दुपारी खोलीवर, मी जाहीर केलं की आता ही सॅक रिकामी करायची, अनावश्यक वस्तू बाजूला काढायच्या आणि त्या सरळ कुणाला तरी देऊन टाकायच्या. ती म्हणाली, ‘‘काढा.’’ कॉटवर वर्तमानपत्र पसरून मी एकेक वस्तू काढू लागलो. ओली चादर, माझी, कारण दुसऱ्या पांघरुणात मला झोप येत नाही, असं मीच वीस वर्षं सांगत आलो आहे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या माझ्या. जादा चष्मा माझा. स्वेटर माझा. कंबरदुखीचा मलम, शेकायची रबरी पिशवी. शेंगाची चटणी, चिवडा आणि त्या दिवंगत कडक भाकरी; मला सकाळी सकाळी परक्या गावचं काही चालत नाही म्हणून. छत्री, बॅटरी, मीठ, सुतळी, पिना. तिसरा शर्ट आणि दुसरी पँट, ज्यांचा मी प्रवचनात नामोल्लेख करून त्याग केला होता. सगळ्यात खाली तिचे दोन पंजाबी ड्रेस, एक साडी, कंगवा आणि आमच्या देवघरातला एवढासा बाळकृष्ण, जो तिच्या मते घरी एकटा राहत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. डबल एन्ट्री बुककीपिंगचा पहिला धडा असा की एका खात्यात नोंद झाली की तेवढीच दुसऱ्या खात्यात कुठे तरी झालेलीच असते. कुणाचं तरी नावे पडल्याशिवाय कुणाचं जमा होत नाही. हे मी पंचवीस वर्षं पगार घेऊन करत आलो, आणि वैराग्य मात्र एका बाजूनेच लिहिलं. माझ्या पाठीवरचे आठ किलो कमी झाले होते. ते कुठे गेले असतील, असा प्रश्न मला पडायला हवा होता. बँकेत आठ रुपये कमी आले तर रात्री नऊपर्यंत आम्ही घरी जात नाही!

मी म्हणालो, ‘‘म्हणजे माझ्या गरजा कमी नाहीतच.’’

‘‘आहेत ना,’’ ती म्हणाली, ‘‘माझ्याकडे आहेत.’’

आता इथे मला आमच्या अण्णांबद्दल लिहिलं पाहिजे. न लिहिता पुढे गेलो तर हा लेख माझ्या सॅकसारखाच हलका होईल.

आमचे अण्णा गिरणीत कारकून होते. दोन धोतरं, दोन सदरे, एक कोट. पगाराच्या दिवशी घरी येईपर्यंत अर्धा पगार कुणाकुणाला देऊन झालेला असे. सिगारेट नाही, चहा नाही, सिनेमा नाही. आषाढीला सोलापूरहून पंढरपूर पायी, खांद्याला एक झोळी, झोळीत एक पंचा आणि टाळ. गल्लीत त्यांना साधुपुरुष म्हणत. ते गेले तेव्हा शोकसभेत एक वक्ते म्हणाले की अण्णांनी आयुष्यात कुणाकडून काही घेतलं नाही, कारण त्यांना कशाची गरजच नव्हती. टाळ्या वाजवायचा प्रसंग नव्हता, पण लोकांनी मानेने टाळ्या वाजवल्या. आई मागे बायकांत बसली होती. तिचं शिलाईचं मशीन आमच्या घरात रात्री बारापर्यंत चालायचं, आणि त्या आवाजात आम्हा भावंडांना झोप लागायची. गल्लीतल्या तीन पिढ्यांची पोलकी तिने शिवली. दूधवाल्याचं आणि किराण्याचं बिल त्या मशीनमधून निघत होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, डबल एन्ट्री शिकत होतो. पण मला ती नोंद दिसली नव्हती.

आंबोलीच्या त्या खोलीत, कॉटभर सामान पसरलेलं असताना, सौभाग्यवतीने मला एक गोष्ट सांगितली. ती मी सेहेचाळीस वर्षांत ऐकली नव्हती. अण्णा वारीला निघण्याच्या आदल्या रात्री आई त्यांच्या झोळीचा तळ उसवायची, घडी घालून एक नोट आत ठेवायची आणि वरून सैल टाके घालायची. असे टाके की चार-पाच दिवसांच्या चालीने आपोआप सुटावेत. पंढरपूर यायच्या सुमाराला झोळीत नोट सापडायची. अण्णा परत आले की सांगायचे, ‘‘विठोबा बघ, कधी कमी पडू देत नाही. ऐन वेळी काढून देतो.’’ आई म्हणायची, ‘‘खरं आहे.’’

‘‘तुला कुणी सांगितलं?’’

‘‘सासूबाईंनीच. लग्नानंतर पहिल्या आषाढीला. म्हणाल्या, हे शिकून घे, पुढे लागेल.’’

मी बराच वेळ गप्प होतो. बाहेर पाऊस होताच. अण्णांना माहीत असेल का? इतकी वर्षं दर आषाढीला तोच देव, तीच झोळी, तेच टाके. हिशेबाला ते माझ्यापेक्षा पक्के होते. माहीत असेल, तर त्यांचं सगळं वैराग्य एक गोड लबाडी ठरते. माहीत नसेल, तर त्यांचा विठ्ठल खरा ठरतो, पण मग आई कोण ठरते? हे मला अजून सोडवता आलेलं नाही. आणि आईचं काय? तिला टाके घालताना राग येत असेल का? की आपल्या हाताने कुणाचा तरी देव चालतो आहे, याचं तिला आतून सुख होत असेल? मला वाटतं, दोन्ही असेल. एकाच रात्री, एकाच टाक्यात.

‘‘मग तू माझ्या सॅकमध्ये नोट नाही शिवलीस?’’ मी उगाच हसू आणायला म्हणालो.

‘‘मला विठोबा व्हायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर आठ दिवस तुमच्यासमोर बसून भरलं सगळं. लपवून नाही भरलं. तुम्ही बघितलं नाहीत.’’

हे वाक्य मला बारा किलोंपेक्षा जड गेलं.

मग आठवायला लागलं की सगळीकडचं असंच आहे. कीर्तनात आपण लहानपणापासून ऐकतो, तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात दंग आणि आवली भाकरी बांधून डोंगर चढते आहे, पायात काटा मोडतो, ती विठोबाला शिव्या देते. कीर्तनकार तिचं बोलणं नकलेसह रंगवतात, आपण हसतो. काटा कुणाच्या पायात होता, हे हसण्यात राहून जातं. तुकोबांची थोरवी यात कमी होत नाही. त्यांना उपाशी ठेवून कुणाचं भलं झालं नसतं. पण चढ दोघांनी चढला, एवढी नोंद तरी हवी. साहेबाच्या देशापलीकडे अमेरिकेत थोरो नावाचा एक ऋषी होऊन गेला. १८४५ साली तो वॉल्डनच्या तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षं राहिला आणि खिळ्या-फळ्यांसकट खर्चाचा चोख हिशेब त्याने पुस्तकात छापला. तो हिशेब वाचून माझ्यातला कारकून सुखावला होता. जमीन मात्र त्याचे मित्र इमर्सन यांची होती. जागेचं भाडं कुठल्या रकान्यात?

या बाबतीत मला आपला वारकरी जास्त सरळ वाटतो. तो हातात टाळ घेऊन मोकळा चालतो, पण दिंडीच्या मागे तंबू, भांडी, शिधा घेऊन ट्रक असतो हे तो लपवत नाही. भिशीचे पैसे आधी भरतो, पावती घेतो. मोकळेपणाला किती खर्च येतो ते त्याला ठाऊक असतं. आणि आमच्या सोलापुरात तर ओझ्याचाच उत्सव आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. ते अवजड उंच काठ पेलायचा आधी कितीतरी दिवस सराव करतात, आणि पेलायला मिळणं हा मान समजतात. लोक दुतर्फा उभे राहून पेलणाऱ्याकडे बघतात, ही त्यातली खरी गोष्ट. घरात पेलणाऱ्याकडे बघायला दुतर्फा कुणी नसतं.

मी म्हटलं, आता सॅक बदलायच्या. ती म्हणाली, ‘‘तुमची कंबर?’’ मी म्हटलं, मलम आहे ना. घाट एसटीने उतरून सावंतवाडी, तिथून शिरोडा. वेळागरचा समुद्र. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला पाणी, मधे कुणीही न चाललेली ओली वाळू. रेडीच्या दिशेने आम्ही चालत निघालो. पहिला अर्धा किलोमीटर मी अत्यंत उदात्त अवस्थेत चाललो. पुढच्या अर्ध्यात मला एकेक वस्तू ओळखू येऊ लागली. ही खुपते ती छत्री, हा डावीकडे ओढतो तो चिवडा. वाळूत पाय रुतत होते. माझ्या पावलांचे ठसे तिच्या ठशांपेक्षा खोल दिसत होते. आदल्या तीन दिवसांत आंबोलीच्या चिखलात ते उलटे असणार, पण तिथे मी पुढे चालत होतो.

तासाभराने सुरूच्या दोन झाडांना तिने सुतळी बांधली (सुतळी!) आणि चादर वाळत घातली. लाल-पिवळ्या मोरांची सोलापुरी चादर अरबी समुद्राच्या वाऱ्यावर फडफडू लागली. आम्ही तिच्या सावलीत बसलो. हे शिरोडं म्हणजे मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. मे १९३० मध्ये इथल्या मिठागरांवर लोकांनी मूठ मूठ मीठ उचललं आणि त्यापायी लाठ्या खाल्ल्या. त्याच महिन्यात आमच्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता. मूठभर मिठाचं वजन ते किती! वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ याच गावात शाळामास्तर होते. त्यांच्या ध्येयवादी नायकांवर आमच्या मागची एक पिढी पोसली. ते नायक इतके स्वच्छ असत की त्यांचे कपडे कोण धूत असे, हे विचारायचं कधी सुचलं नाही. माझ्याच पायाला लागलेलं मीठ कुणी आणलं, तेही मला दोन दिवसांनी सुचलं होतं.

‘‘मला एक सांग,’’ मी विचारलं. ‘‘एवढं माझं भरलंस. तुझं काही राहिलं का घरी? जागा नाही म्हणून?’’

तिने थोडा वेळ विचार केला. मला वाटलं, ती ‘काही नाही’ म्हणेल. बायका असं म्हणतात आणि आपण त्यावर आयुष्य काढतो.

‘‘चपला,’’ ती म्हणाली. ‘‘त्या निळ्या, रबरी. बूट ओले झाले की घालायला काढून ठेवल्या होत्या. चादर घातल्यावर बसल्या नाहीत.’’

मी तिच्या पायांकडे पाहिलं. तीन दिवस ओल्या बुटांत राहून टाचा पांढऱ्या पडून सुरकुतल्या होत्या आणि डाव्या अंगठ्याशी फोड आला होता. ती वाळूत पाय खुपसून बसली होती, ते मला मघापासून समुद्राचा आनंद घेणं वाटत होतं.

संध्याकाळी शिरोड्याच्या बाजारात जाऊन मी एकटाच चपला घेऊन आलो. वीस वर्षं संसार केलेल्या माणसाने बायकोच्या पायाचं माप विचारणं मला अपमानाचं वाटलं. दुकानदाराने विचारलं, ‘‘कितवो नंबर?’’ मी ठणकावून सात सांगितला.

तिचा नंबर पाच आहे.

‘‘राहू द्या,’’ ती म्हणाली, ‘‘मोठ्या चपला आपल्या पोरीला होतील.’’ दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जाऊन तिने स्वतः पाच नंबरच्या घेतल्या. येताना कोकम, काजू आणि कुळथाचं पीठही घेतलं. सात नंबरच्या चपला, कोकम, काजू आणि पीठ कुठे ठेवायचं, असा प्रश्न आला तेव्हा तिने त्या रिकाम्या, सुटसुटीत, साडेचार किलोंच्या सॅककडे पाहिलं. ती आता तिच्या पाठीवर होती.

‘‘आण इकडे,’’ मी म्हटलं. ‘‘दोन्ही आण.’’

‘‘दोन्ही नकोत,’’ ती म्हणाली. ‘‘उद्या मलाच शेकावी लागेल ती कंबर. अर्धं अर्धं करू.’’

मग खोलीच्या फरशीवर बसून आम्ही वाटण्या केल्या. काजूवरून थोडा वाद झाला. बाळकृष्ण तिने मला दिला नाही.